पटावरचे आणि पडद्यावरचे

खेळांविषयी मत देण्याचा अधिकार खरे पाहता जिंकणाऱ्यांचा. मी त्या पंक्तीतली नव्हे. बुद्धिबळात माझा वजीर पंधराव्या खेळीपर्यंत पटावर टिकला तर तेवढ्यावर मी समाधान मानते. मोबाइलवरच्या ठोकळ्यांच्या खेळात माझ्या गुणसंख्येने नातीचे मनोरंजन होण्यापलीकडे काही साधलेले नाही. आणि पत्ते खेळताना माझा चेहराच माझी पाने सांगून टाकतो, याविषयी आमच्या घरी एकमत आहे. तरीही गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी खेळत आले आहे. हौशी खेळणाऱ्याला एक सवलत असते. जिंकण्याची घाई नसल्यामुळे त्याला इकडेतिकडे पाहायला वेळ मिळतो. फासे टाकण्यापूर्वी कोणाचा हात घुटमळतो, हरत आल्यावर कोणाला अचानक तहान लागते, हे मला चांगले ठाऊक आहे. त्या भांडवलावरच हे चार शब्द.

माझे माहेर हैदराबादचे आणि सासर बडोद्याच्या दांडिया बाजारातले. सासरी मामंजींच्या आजोबांच्या वेळचा एक सारीपाट आहे. काळसर तांबडी मखमल, त्यावर पिवळ्या रेशमाची शिवण, चार दिशांना चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चोवीस घरे. सोळांपैकी चौदा सोंगट्या मूळच्या, लाखेच्या रंगाच्या. दोन कधी काळी हरवल्या, त्या मामंजींनी सुताराकडून करून घेतल्या. त्यांचा हिरवा रंग इतरांशी काही केल्या जुळला नाही, म्हणून घरात त्यांना 'सवती' म्हणत, आणि त्या वाट्याला येऊ नयेत म्हणून मोठी माणसेसुद्धा कुरबुर करीत.

हा खेळ किती जुना, हे सांगायला वेरुळची लेणी पुरेत. शंकरपार्वती फासे खेळत असल्याचा प्रसंग तिथे एकाहून अधिक लेण्यांत कोरला आहे. फत्तेपूर सिक्रीच्या प्रांगणात पचिशीचा पट फरशीतच मांडलेला असून अकबर तिथे सोंगट्यांच्या जागी माणसे उभी करून खेळे, असे सांगतात. पुढे याच पटाचे सोपे रूप साहेबाने आपल्या देशी नेले आणि १८९६ साली इंग्लंडात 'लुडो' या नावाने त्याचे पेटंट निघाले. लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'मी खेळतो' एवढाच. भाषेत मात्र या पटाने आपली नाणी मागे ठेवली. एक आणि दोन सहा असे तेराचे दान पडले की ते 'पौबारा'. हिंदीत एखाद्याचे 'पौ बारह' झाले म्हणजे त्याचे नशीब उघडले. आमच्या मराठीत 'पोबारा' केला म्हणजे तो पळाला! गुजरातीतही 'पोबारा गणवा' म्हणजे पळ काढणेच. एकाच दानावर हिंदी माणूस हरखतो आणि मराठी-गुजराती माणूस चपला शोधतो. बडोद्यात दोन्ही समाज इतकी वर्षे गुण्यागोविंदाने का राहिले, याचे एक कारण मला इथे सापडले.

पण मखमली पटापेक्षा माझा जीव रमला तो सासूबाईंच्या चिंचोक्यांत. श्रावणात दुपारची भांडी आवरली की त्या ओसरीच्या फरशीवर खडूने पाच उभी, पाच आडवी घरे आखीत. चारी कडांच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुल्या. फोडलेले चार अर्धे चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे वर तितके दान, चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. आमच्या हैदराबादेत याला 'अष्टा-चम्मा' म्हणत. शेजारच्या गुजराती बेन 'इस्टो' म्हणत. नावावरून भांडण नव्हते, भांडण होते ते नियमावरून. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपल्या सोंगटीला आतल्या घरांत प्रवेश नाही, असा बेनचा दंडक. सासूबाईंना तो मुळीच मान्य नव्हता. "मारल्यावाचून स्वर्ग नाही, असं कुठल्या शास्त्रात आहे?" असे त्या विचारीत. शेवटी तह झाला: बेनच्या ओट्यावर बेनचा कायदा आणि आमच्या ओसरीवर आमचा. हा तह दोघी असेपर्यंत, म्हणजे वीस-बावीस वर्षे, कोणी मोडला नाही.

मला वाटते, पटावरच्या खेळाचे सारे मर्म या ओसरीवरच्या कायद्यात आहे. पट काही बोलत नाही, फासा काही बोलत नाही. सोंगटी किती घरे सरकली, फासा कलंडला की सरळ पडला, तीन वेळा सहा आले तर ते जळाले की नाही, हे सगळे माणसांनीच ठरवायचे, माणसांनीच पाळायचे आणि पाळले नाही तर माणसांनीच बोंब मारायची. पडद्यावरच्या खेळात ही सगळी चिंता यंत्र वाहते. तिथे दान यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते, सोंगटी आपली आपण उड्या मारीत जाते. लबाडी करता येत नाही, हे खरे. पण लबाडी करता येत असूनही न करणारा माणूसही तिथे ओळखू येत नाही. 'रडीचा डाव' हा आपल्या भाषेतला किती जिवंत शब्द! मोबाइलवर रडीचा डाव खेळण्याची सोयच ठेवलेली नाही. फार तर 'नेट गेले' असे सांगता येते.

आता मोजण्याचीच गोष्ट घ्या. माझी नात बंगळुरात वाढते. इंग्रजी शाळा, शेजारी कानडी, घरी मराठी. तिला मराठी समजते, बोलता येते, पण आकडे म्हणाल तर वीसच्या पुढे गाडी इंग्रजीच्या रुळांवर जाते. यात तिचा दोष नाही. आपले आकडे आहेतच असे, की प्रत्येकाशी स्वतंत्र ओळख करून घ्यावी लागते. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढे वादळ उठले होते! इथे आपण वादळ कोणाविरुद्ध उठवणार? मग एका मे महिन्यात मी जुनी सापशिडी काढली.

सापशिडी हा खेळ म्हणून अगदी सामान्य आहे, हे मी आधीच सांगून टाकते. त्यात करायचे काहीच नसते. फासा सांगेल तिथे जायचे. मूळचा आपला ज्ञानचौपट किंवा मोक्षपट हा तरी पापपुण्याचा नकाशा होता. शिडीपाशी सद्गुणाचे नाव, सापापाशी दुर्गुणाचे, आणि वर मोक्ष. मोक्षपटाचा संबंध परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. इंग्लंडची वारी करून तो परत आला तेव्हा मोक्षाच्या जागी नुसता शंभर हा आकडा उरला होता. पण मला हवा होता तो हा शंभर आकडाच. आमच्या ओसरीवरचा कायदा मी जाहीर केला: सोंगटी ज्या घरात थांबेल त्या घराचे नाव मराठीत मोठ्याने घ्यायचे, चुकले तर सोंगटी मागच्या जागी. पहिल्या आठवड्यात एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांनी पोरीला रडकुंडीस आणले. आमच्या पटावर अठ्ठ्याण्णववर एक लांबलचक साप आहे. त्याने गिळल्याचे दुःख तिला नव्हते, पण आधी 'अठ्ठ्याण्णव' म्हणायचे आणि मग गिळून घ्यायचे, हा अन्याय तिला असह्य होई. जूनमध्ये परत जाताना मात्र तिने रेल्वेच्या फलाटावर डब्यांवरचे आकडे मराठीत वाचून दाखवले. हाच खेळ तिच्या आईच्या मोबाइलवरही आहे, रंगही जास्त सुंदर आहेत. पण तिथे कोणालाच काही मोजावे लागत नाही.

यावरून मी पडद्यावरच्या खेळांची वैरीण आहे असे कोणी समजू नये. आमच्या मुलाच्या लहानपणी दूरदर्शन संचाला जोडायचा खेळ घरी आला, तेव्हा पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून "आई, माझा एकच जीव उरला!" अशी हाक ऐकली आणि हातातले उलथणे टाकून धावले. बाहेर तो जपानी मारियो, १९८५ सालचा तो टोपीवाला, भिंतीवर डोके आपटून नाणी काढीत होता. एकाऐवजी तीन जीव घेऊन जन्माला येण्याची ही कल्पना मला तेव्हा थोडी अभद्रच वाटली. पण मुलगा त्या दिवसांत एकाच खड्ड्यात पन्नासदा पडला आणि एक्कावन्नाव्यांदा पलीकडे गेला, हेही मी पाहिले. शाळेच्या गणितात त्याने इतका दम कधी दाखवला नव्हता. जिथे पडण्याची लाज नाही तिथे माणूस पुन्हा उठतो. पडद्याच्या खेळाचा हा गुण कबूल करायलाच हवा.

माझा स्वतःचा आवडता म्हणजे टेट्रिस. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव या गृहस्थाने १९८४ साली तो रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार, वरून पडतात, खाली ते सांध्याला सांधा जुळवून बसवायचे. ओळ भरली की नाहीशी होते. ज्या बाईने जन्मभर चार माणसांच्या सामानात सहा माणसांचे सामान आणि वर लाडवांचा डबा बसवून प्रवास केले, तिला हा खेळ कोणी शिकवावा लागत नाही. भरलेले नाहीसे होते आणि चुकलेले तेवढे डोळ्यांपुढे साचत राहते, हे संसाराशी इतके मिळतेजुळते आहे की कधी कधी मी मोबाइल पालथा घालते. वेग वाढत जातो आणि शेवटी माणूस हरतो, असे सगळेच समजून चालले होते. पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा एक मुलगा या खेळाच्या जुन्या प्रतीत इतका पुढे गेला की यंत्रच गोठले. माणसापुढे यंत्राने हात टेकले, ही बातमी मी ह्यांना दोनदा वाचून दाखवली.

आणि २०२०ची टाळेबंदी कोण विसरेल? नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०१६ पासून होता. पण त्या उन्हाळ्यात तो घरोघर पोचला. आम्ही बडोद्याहून, माझा भाऊ हैदराबादहून, मुलगा बंगळुराहून असे रात्री नऊला जमत असू. दुसऱ्या फोनवर बोलणे चालू ठेवीत असू, कारण नुसत्या सोंगट्या हलताना पाहण्यात काय स्वारस्य! भावाने माझी सोंगटी मारली की मला त्याचे ते लहानपणचे खिदळणे ऐकायचे असे. तो आजारातून उठत होता, आणि त्या खिदळण्यावरूनच मी त्याची प्रकृती ताडीत असे.

'नवा व्यापार' हा खेळ मात्र मला कधीच मानवला नाही. तासन्‌तास चालतो, एक जण गब्बर होतो आणि बाकीचे कर्जात बुडून जांभया देत बसतात. गंमत अशी, की त्याचे मूळ अमेरिकेत ज्या लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली पेटंट घेऊन मांडले, त्यांचा हेतूच हा होता: जमीन एकाच्या हाती गेली की इतरांचे काय होते, हे लोकांना कळावे. पुढे १९३५ साली तो 'मोनोपॉली' म्हणून बाजारात आला आणि शिकवण गळून पडून हव्यास तेवढा उरला. आमच्याकडे मामंजी बँक सांभाळीत आणि दिवाळखोर नातवंडांना टेबलाखालून नोटा पुरवीत. बँकेचा हा कारभार नियमात बसणारा नव्हता. पण त्यामुळेच खेळ झोपण्याच्या वेळेपर्यंत टिके.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर लेखणी उचलली, तिच्याकडे वळते. आमच्या नणंदेचा मुलगा, शिकलेला, नोकरीवर लागलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मोबाइलवर रमी खेळू लागला. पहिल्या आठवड्यात तीनदा जिंकला. नंतर सव्वा वर्षात चार लाख ऐंशी हजार रुपये गेले. नणंदबाई बांगड्या उजळायला द्यायच्या म्हणून कपाट उघडतात तो डबी रिकामी, तेव्हा हे उघडकीस आले. त्या रात्री मोठ्या भावोजींनी संतापाच्या भरात घरातले सगळे खेळ गच्चीच्या कोनाड्यात फेकले. पत्ते, लुडो, मुलांची सापशिडीसुद्धा. "खेळानंच घात केला!" असे ते म्हणत होते. मला ते पटले नाही, आणि घरच्या सुनेने त्या वेळी बोलू नये असा संकेत असतानाही मी तसे बोलले.

द्यूत आपल्याला नवे नाही. ऋग्वेदात फाशापायी बायको, घर, मान सगळे गमावलेल्या जुगाऱ्याचे एक अख्खे सूक्त आहे. महाभारताचा तर डोलाराच एका डावावर उभा. पण धर्मराजाला निदान शकुनीचा चेहरा दिसत होता. भोवती सभा होती. विदुर उठून बोलू शकत होता, आणि बोललाही. भाच्याला मी विचारले, "तुझे पैसे जिंकले कोणी?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामी, नावंच होती नुसती. माणसं होती का, तेही माहीत नाही." रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या, बाजूला झोपलेल्या बायकोला कळू न देता त्याने तो खेळ केला होता. जिथे तुम्ही हरल्यावर समोरच्याच्या तोंडावर ओशाळेपणा दिसत नाही, "पुरे आता, जेवायला चला" असे म्हणणारे कोणी नाही, आणि उठून जाण्याच्या क्षणी नेमके थोडे जिंकून देणारे यंत्र आहे, त्याला मी खेळ म्हणायला तयार नाही. तो मांडलेला सापळा आहे. रंग तेवढा पटाचा दिला आहे.

रमी हा बव्हंशी कौशल्याचा खेळ, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला होता. घरच्या सतरंजीवरची रमी पाहिली तर तो योग्यच वाटतो. पण त्याच निर्वाळ्याची ढाल करून पैशांचे हे पडदे वर्षानुवर्षे उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद ठरवले. या बंदीवर शहाणी माणसे दोन्ही बाजूंनी बोलतात. नणंदबाईंच्या दृष्टीने तो कायदा दोन वर्षे उशिरा आला, एवढेच.

कोनाड्यातले खेळ मी दोन दिवसांनी गुपचूप खाली आणले. पुसून, सोंगट्या मोजून पुन्हा जागच्या जागी ठेवले. सवती दोन्ही शाबूत होत्या. भाचा मात्र नंतर आमच्याकडे आला तरी पट मांडलेला दिसला की गॅलरीत जाऊन उभा राही.

२०२५च्या दिवाळीत मुलगा-सून-नात आली. सुनेने 'कॅटान' नावाचा जर्मन खेळ आणला होता. क्लाउस टॉयबर नावाच्या, दातांच्या कवळ्या तयार करण्याचा व्यवसाय असलेल्या गृहस्थाने तो रचला आणि १९९५ साली तो बाजारात आला. षट्कोनी तुकड्यांचे एक बेट. त्यावर लाकूड, विटा, मेंढ्या, धान्य, खनिज पिकते. दोन फाशांची बेरीज ज्या आकड्याची, ती जमीन पिकते. सात आले की दरोडेखोर येतो, आणि दोन फाशांवर सात हेच दान सर्वांत अधिक वेळा येते. पण खरा खेळ आहे तो देवघेवीचा. आपल्याला हवे ते दुसऱ्यापाशी असते, म्हणून बोलावेच लागते. तोंड मिटून हा खेळ खेळताच येत नाही. ज्याने कोणी रचला त्याने खंडेराव मार्केटात एक सकाळ घालवली असती तरी त्याला याहून फार काही जास्त सुचले नसते.

खेळायला आम्हाला चार जण हवे होते. ह्यांनी चष्म्याची सबब सांगितली. सून, नात, मी; चौथा गॅलरीत. नातच जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आली. तो बसला, पण मांडीवर हात ठेवून. नात पटावर डोळे लावून विचारती झाली, "काका, जिंकलं की काय मिळतं?" खोलीत कोणी बोलेना. सुनेने तुकडे पुन्हा एकदा सरळ केले.

"मामी," भाचा म्हणाला, "आजीचे चिंचोके आहेत का अजून?"

होते. कवड्यांच्या डब्यात, तळाशी. प्रत्येकासमोर पाच पाच ठेवले. पहिला फासा त्याने टाकला तेव्हा तो पटाबाहेर गेला; नातीने "हा धरायचा नाही, आमच्या घरी असाच नियम आहे" असे बजावले आणि त्याने निमूटपणे पुन्हा टाकला. अर्ध्या तासाने त्या दोघांची एका विटेवरून अशी जुंपली की ह्यांनी आतून टीव्हीचा आवाज वाढवला. "दोन मेंढ्या दे, मग वीट देतो." "दोन नाही, एक!" "मग राहू दे तुझा रस्ता अर्धा." सगळे मराठीत, आणि नातीचे तर थेट दांडिया बाजारच्या सुरात. मी कोणाला वीट मागितली की दोघे एकमुखाने नाही म्हणत. माझा चेहरा माझा बेत सांगून टाकतो, हे त्यांना ठाऊक आहे.

रात्री सव्वाअकराला सून दहा गुण करून जिंकली. भाच्याने सगळ्यांचे चिंचोके गोळा केले, मोजले, वीस भरले, आणि तिच्या पुढ्यात सरकवले.